हाडाचं ठिगळ

प्रिय टकटक,

फोनवर बोलावं तर तुझी आत्या शेजारी कान टवकारून बसते, म्हणून लिहितेय. शाळेत मी जेमतेम तिसरीपर्यंत टिकले, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मोठ्याने वाचलंस तरी चालेल, फक्त आत्यासमोर नको.

गॅरेज चालू आहे. तुझ्या जागी बापाने एक गडी ठेवलाय. तो पत्र्याचा एक पोचा काढतो नि दोन नवे पाडतो. गिऱ्हाईकं विचारतात, पोरगी कधी येणार? तेवढ्यात तुझा बाप पाना शोधायला गाडीखाली जातो. पाना त्याच्या खिशातच असतो.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते आठवतं ना? मनगटातल्या एका हाडाला रक्त पोचेना, म्हणून ते मेलं. मग तुझ्याच हाताच्या चांगल्या हाडाचा तुकडा शिरेसकट काढून तिथे बसवायचा. मी म्हटलं, एवढंच ना, सडका पत्रा कापून ठिगळ मारायचं, आमच्याकडे रोजचंच आहे. माझं हाड घ्या म्हटलं तर म्हणाल्या, आजी, तुमचं भंगारवालाही घेणार नाही. बाई फटकळ, मला आवडली. तू मात्र एकच विचारलंस, हातोडा धरता येईल ना? त्या म्हणाल्या, ठिगळाने जीव धरला तर.

धरला नाही. मागच्या फोटोत तो तुकडाही मेलेला दिसला. दवाखान्यात नंबर बापाचा दिलेला, म्हणून फोन त्याला आला, नि तुला ‘ठीक आहे, जरा वेळ लागेल’ एवढंच सांगायचं असं बहीण-भावाने ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. आता वाटा दोन. एक, मनगटाची हाडं एकमेकांना जोडून टाकायची. मग ते जन्मभर वाकणार नाही, पण दुखायचं थांबेल नि हातोडा धरेल. दुसरी, मेलेलं हाड शेजारच्या दोन हाडांसकट काढायचं. मनगट थोडंफार वाकेल, पण ठोकाठोकी बंद. बाप दुसरीला हो म्हणून बसलाय. ताठ हाताची पोरगी लोकांच्या डोळ्यांत खुपेल म्हणतो. त्याचं काळीज तुटतं हे खरं, पण मनगट त्याचं नाही. कुठली वाट बरी ते मीही सांगत नाही, माझी दोन्ही वाकतात. सोमवारी तपासायला जाशील तेव्हा आत्याला बाहेर बसव नि बाईंना तूच विचार. सही तुझी लागते.

तुझीच,
आजी