तारामाशांनी पाणी दुधाळ केलं त्याची हकिगत

चि. तेजस्विनी हिस,

मामाचे आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल असं धरून चालतो. ताईचा गुडघा कसा आहे ते कळव. माझी तब्येत ठणठणीत आहे, तेवढंच ठणठणीत आहे. फोन करणार होतो, पण तुझी मामी भाजी निवडता निवडता सगळं ऐकते, आणि हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही.

प्रेसमध्ये माझी दोन बोटं गेल्यावर कंपनीने मला हलकं काम दिलं ते तुला माहीत आहे, म्हणजे रिसेप्शनमधली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. बावीस वर्षं पत्रा कापलेल्या माणसाला मासे कसे सांभाळायचे हे कोणी शिकवलं नाही, पण मी शिकलो. मीठ मोजून पाणी करायचं, काच पुसायची, रंगीत माशांना आणि अकरा तारामाशांना खायला घालायचं (तारामासे हे मासे नाहीतच, हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तूच सांगितलंस, नावापुरते आहेत, जसा मी नावापुरता फिटर). चार वर्षांत एकही मेला नाही.

गेल्या सोमवारी जर्मन पाहुणे यायचे होते. सकाळी एक तारामासा अंगाची कमान करून पाचही हातांच्या टोकांवर उभा राहिला आणि त्याच्यातून पांढरा धूर निघावा तसं काहीतरी पाण्यात सुटलं. मी जाळी शोधतोय तोवर दुसरा उभा, मग तिसरा. टाकीचं ताक झालं. पाहुणे चाकणच्या चौकात दोन तास अडकले, त्यामुळे ते पोचले तेव्हा साहेब त्यांना कंपनी पर्यावरण किती जपते ते सांगत होते आणि मागे त्या ताकात गुदमरलेले रंगीत मासे पोट वर करून तरंगत होते.

चौकशीत सगळ्यांचं मत पडलं, मी मशीन गार ठेवायचं दुधाळ कूलंट टाकीत सांडलं. तू मागे सांगितलेलंच मी सांगितलं: त्यांच्या नसांतून एक हार्मोन सुटतं, ते बीज सोडायची वेळ झाली म्हणून कळवतं, आणि एकाने सोडलं की पाण्यातल्या रसायनातून बाकीच्यांना निरोप पोचतो. एचआरच्या मोनिका मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, तारामाशांनी एकमेकांना निरोप दिला, असं मी रिपोर्टमध्ये लिहू?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी कूलंट लिहिलं आणि मला घरी बसवलं. घरी मी बसलेलो नाही. रोज डबा घेऊन निघतो, निगडीच्या बस स्टँडवर बसतो (तिथले कंडक्टर आता मला नमस्कार करतात), पाचला परततो. मामी विचारते, मासे बरे आहेत ना. मी बरे म्हणतो.

तुझा,
भिमाजीमामा

ता.क. कॉलेजच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दे, की तारामासे हे आपणहून करतात, सांभाळणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

ता.क. दोन. दोष थोडा आहे. साहेब म्हणाले होते, हे हलत का नाहीत, पाहुण्यांना काय दगड दाखवायचे? म्हणून मी हीटर चार अंशांनी वाढवला. पाणी एकदम उबदार झालं तरी ते बीज सोडतात, हे नंतर वाचलं. दाखल्यात तापमानाचा उल्लेख नको.

ता.क. तीन. दाखला राहू दे. पाकीट बंद करायच्या आधी कंपनीत जाऊन हीटरचं खरं सांगून आलो. मोनिका मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, काका, टाकी बुधवारीच काढली, तिथे मोठा टीव्ही लावलाय, त्यावर मासे दिसतात. त्याला माणूस लागत नाही. तारामासे कुठे नेले ते मी विचारलं नाही. तू रविवारी ये. मामीला मीच सांगेन. तू नुसती शेजारी बस.