आमच्यापाशी सारा तालुका खोकते

मोहटोला, दि. ४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप मामाजी,

मोहटोल्याच्या दवाखान्याच्या ओसरीवरून जावई मुखरूचं आपल्या आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं. आम्ही दोघेही इकडे जिवंत आहोत. (एरवी 'खुशाल आहोत' असं लिहिलं असतं, पण यंदा जे खरं तेवढंच लिहितो.) गोंडपिपरीला धानाचे रोवणे आटोपले असतील. सासूबाईंचे गुडघे चिखलातून निघून चुलीपाशी शेकत बसले असतील, आणि लंगडणारा ढवळ्या आता चार पायांवर चालत असेल अशी आशा करतो.

आपलं कार्ड मिळालं. 'दवाखान्यातच साथ घुसली म्हणते, माझ्या पोरीले पहिल्या मोटारीनं इकडे धाड, तू मागून आला तरी चालते,' ही आज्ञा शिरोधार्य होती. पण पाळता आली नाही. एक तर नाल्याला पूर होता, पहिली मोटारच आली नाही. आणि दुसरं कारण म्हणजे आपली पोरगी. ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हा कागदाचा खर्च.

मी इथे अंतर्गळाच्या ऑपरेशनसाठी आलो हे आपण जाणताच. भागीरथा माझ्या सोबतीला, भाकर-पाणी बघायला आली. लग्नाच्या वेळी आपण हात जोडून म्हणाला होता, 'पोरगी भित्री आहे, सांभाळून घ्या.' मी सांभाळतच आलो. कोंबडी कापायची तर ही परसात जाऊन कान झाकून बसते, आणि तिच्याऐवजी मी कापतो (म्हणजे शेजाऱ्याला बोलावतो). अशी बाई घेऊन मी दवाखान्यात आलो, आणि आमच्या मागोमाग ताप आला.

या तापाचं मला अजूनही नवल वाटतं. डॉक्टर बोरकुटे सांगत होते की तो दूर कुठे चीनकडे उठला, आगबोटीत बसून मद्रासला उतरला, तिथून रेल्वेने बल्लारशाला आला. मामाजी, मी मास्तर असून आजवर बल्लारशाच्या पुढे गेलो नाही, आणि हा डोळ्यांना न दिसणारा प्राणी सात समुद्र ओलांडून, मग बैलबंडीत बसून, बरोबर आमच्या मोहटोल्याच्या बाजारात उतरला. ज्या जंगलात फॉरेस्टगार्ड वाट चुकतो, तिथे त्याला एक टोला, एक पाडा चुकला नाही. पहिल्या आठवड्यातच वऱ्हांडा खोकणाऱ्यांनी भरला. खाटा संपल्या, चटया संपल्या, मग लोक स्वतःच्या घोंगड्या घेऊन येऊ लागले.

डॉक्टरांनी सगळ्यांच्या तोंडाला चौपदरी फडकी बांधायला लावली. त्याने भलताच घोळ झाला. सोमारी नावाची एक गोंड म्हातारी नातवाला पाठीवर घेऊन आली होती. ती दारातच थबकली आणि म्हणाली, 'मळणीच्या बैलाले मुसके बांधते, तसे डाक्टरले काऊन बांधले? धान खाते का?' अख्खा वऱ्हांडा हसला, आणि हसता हसता अख्खा वऱ्हांडा खोकला. मी स्वतः एकाऐवजी तीन फडकी बांधली होती, आत कापूर आणि लसूण. परिणाम असा की ताप माझ्याजवळ आला नाही, पण दुसरंही कोणी आलं नाही.

फडकी बांधूनही दवाखान्याचीच माणसं आधी पडली. पहिल्यांदा कंपाउंडर, मग स्वयंपाकी, मग खुद्द डॉक्टर. ते सकाळी नाडी धरायला वाकले आणि रोग्याच्याच अंगावर आडवे झाले. (त्या बिचाऱ्याला वाटलं, तपासायची ही नवी रीत असेल. तो हललाच नाही.) माझं ऑपरेशन अर्थातच राहिलं. मी साबिरा सिस्टरना विचारलं, 'बाई, तुम्ही औषधांजवळ राहणारी माणसं, तुम्हालाच आधी कसा धरतो?' सिस्टर मूळच्या चांद्याच्या. कामाच्या कडक, बोलायच्या थोड्या. त्या म्हणाल्या, 'गुरुजी, घरच्या माणसापाशी एक जण खोकते. आमच्यापाशी सारा तालुका खोकते.'

आता इसरूचं लिहितो. इसरू हा इथला वॉर्डबॉय, अस्वलासारखा दणकट, केस पांढरे व्हायला लागलेले. बंडीतून उतरलेल्या प्रत्येक रोग्याला तो दोन्ही हातांवर उचलून आत आणायचा, आणि रोगी त्याच्या खांद्यावर मान टाकून सरळ त्याच्या तोंडात खोकायचा. सिस्टर ओरडायच्या, 'इसरू, तोंड तिकडे कर!' तो म्हणायचा, 'तिकडे केलं तं पाय कुठी पडते ते कसं दिसन, बाई?' त्याला ताप आला. तरी दोन दिवस उचलत राहिला, मग ताप छातीत उतरला. तो भर दुपारी गेला, मामाजी. ज्यांना त्याने आत आणलं होतं, त्यातले जे उठू शकत होते ते सगळे उठून उभे राहिले. मी बऱ्याच सभा पाहिल्या आहेत, पण असं उभं राहणं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी झाडूवाल्याला त्याची आई घरी घेऊन गेली. पाणी भरणारीही गेली. दोष कोणाला द्यावा? मीसुद्धा आमचं गाठोडं बांधत होतो. (नाला उतरला नव्हता, पण माझ्या मनाने तो केव्हाच ओलांडला होता.) वळून पाहतो तर भागीरथा नाही. बघायला गेलो. साबिरा सिस्टर भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या होत्या, डोळे लाल, दात वाजत होते. आणि आपली पोरगी, जी कोंबडीला भिते ती, त्यांच्या तोंडावरचं नव्हे, फळीवरचं धुतलेलं फडकं घेऊन स्वतःच्या तोंडाला बांधत होती.

'तुमी निजा बाई,' ती म्हणाली. 'कोणाले काय द्याचं ते निजूनच सांगा, मी देईन.'

मी म्हणालो, 'भागीरथे, इसरूचं काय झालं पाहिलं ना? बाबांचं कार्ड आलं आहे.'

'पाह्यलं,' ती म्हणाली. 'म्हणूनच तं. त्यानं आणलेल्या लोकायले पाणी कोण देईन?'

तेवढंच बोलली. पुढे सिस्टर खाटेवरून सांगायच्या आणि ही करायची. गोळ्या द्यायची, पाणी उकळायची, अंग पुसायची, थुंकीची भांडी चुन्यात रिकामी करायची. मला हुकूम झाला पेज शिजवायचा. आठव्या वर्गाला भूमिती शिकवणारा माणूस मोठ्या हंड्यात पेज ढवळतोय हे दृश्य आपल्या कल्पनेवर सोडतो. पहिल्या दिवशीची पेज सोमारीने चाखली आणि म्हणाली, 'तापानं नाई मेलो, आता यानं मरू.' पण दुसरी नव्हती म्हणून प्याली, आणि तिचा नातू त्याच पेजेवर उठून बसला.

मग जे व्हायचं ते झालं. भागीरथेला ताप चढला. मामाजी, तेव्हा मी आपल्याला पत्र लिहिलं नाही, कारण लिहायला हात नव्हता. तिचा श्वास असा वाजत होता, जसा कोणी वाळक्या पानांवरून चालतो. सिस्टर स्वतः जेमतेम उठल्या होत्या, त्या तिच्या उशाशी बसल्या. बाकी वॉर्डाला कोणी उरलं नाही. पेज, पाणी, गोळ्या, सगळं माझ्या एकट्याच्या गळ्यात, आणि माझं लक्ष एकाच खाटेवर.

सकाळ झाली आणि मी चुलीकडे निघालो, तर वऱ्हांड्यात माणसं बसलेली. बरे होऊन घरी गेलेले लोक. दूरच्या टोल्यांवरचे, पुराच्या पाण्यातून एकमेकांचे हात धरून आलेले. कोणी सरपणाचा भारा आणला होता, कोणी तांदूळ, एकाने तुंब्यात मध. सोमारी पुढे होती. डॉक्टर काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, 'काय झालं? पुन्हा ताप आला का?'

'नाई,' सोमारी म्हणाली. 'तुमीच बोल्ले ना, ज्याले येऊन गेला त्याले एवढ्यात पुन्हा येत नाई मनून. आमाले येऊन गेला. आता आमी करतो, तुमी बसा.'

डॉक्टर ते कधीतरी जाता जाता बोलले असतील. माझ्या वर्गातल्या पोरांना मी एकच गोष्ट वर्षभर सांगतो, तरी त्यांच्या डोक्यात शिरत नाही. इथे एकदा बोललेलं वाक्य जंगलात फिरलं आणि माणसं घेऊन परत आलं. डॉक्टर खालीच बसले, पायरीवर. रडले असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी फडकं बांधलेलं होतं आणि मला फक्त डोळे दिसत होते.

त्या दिवसापासून दवाखाना त्यांनी चालवला. बायांनी पेज माझ्या हातून काढून घेतली (रोग्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला तो ऐकू आला). सोमारी भागीरथेच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळायची आणि गोंडीत काहीतरी पुटपुटायची, बहुतेक तापाला शिव्या. तिसऱ्या सकाळी भागीरथेने डोळे उघडले. मी वाकलो, म्हटलं आता माझं नाव घेईल. ती म्हणाली, 'माह्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या बुढीले पेज देल्ली का?'

'माह्या वॉर्डातल्या.' तीन वर्षांच्या संसारात आमच्या घरातल्या एका वाटीलाही तिने 'माझी' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मामाजी, आपण मला सांभाळायला कोण दिली होती, ते मला त्या सकाळी कळलं.

आता साथ ओसरली आहे. माझं ऑपरेशनही झालं, टाके निघाले. सासूबाईंना दंडवत, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (जमेल तेवढा),
मुखरू

ता. क. पत्राचं खरं कारण वर लिहायचं राहून गेलं. भागीरथेला नागपूरला नर्सचं शिक्षण घ्यायचं आहे. डॉक्टर आणि सिस्टर दोघांनी शिफारस केली आहे. आपली परवानगी हवी. माझी कोणी विचारली नाही, पण मी देऊन ठेवली आहे. या कामात धोका नाही असं मी आपल्याला लिहिणार नाही. सारा तालुका जिथे खोकतो तिथेच ती उभी राहणार आहे.

ता. क. दुसरा. भागीरथेने हे पत्र वाचलं आणि ती माझ्यावर रागावली आहे. म्हणते, 'हे समदं वाचून बाबाले वाटन का मले भेवच नाई. मले रोज भेव लागे. सैपाकखोलीमागं जाऊन रडून घेई, मंग वॉर्डात जाई. तसं लिवा.' म्हणून तसं लिहिलं. मला हे ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पेज ढवळत होतो, त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला.

ता. क. तिसरा. नागपूरकडची मोटार गुरुवारी आहे, भागीरथेचं गाठोडं बांधून तयार आहे. हे पत्र नेणारी डाक शुक्रवारी निघते. आपण मात्र घाई न करता, सवडीने नीट विचार करून काय ते कळवावं.