अठराशेच्या वर जाईना

४ फेब्रुवारी, रविवार
आत्याचा फोन आला. बाबांना म्हणाली, दादा, डोळे फार तर दोन महिने साथ देतील असं डॉक्टर म्हणतात. दिसतंय तोवर येऊन जा. अकरा वर्षं दोघं बोलत नव्हती. कारण काय, तर वाटणीतलं एक कपाट. कपाट पुढे वाळवीनं खाल्लं, अबोला राहिला. फोन ठेवल्यावर बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

ही म्हणाली, दहाच्या फेरीबोटीनं मी घेऊन जाते, चाळीस मिनिटांत खाडीपलीकडे, आत्याच्या गावी. मी साफ नाही म्हटलं. घरची मोटरबोट असताना माझे वडील फेरीत धक्के खात जाणार नाहीत. मी नेणार, येत्या रविवारी. बाबा म्हणाले, बरं.

बोट जरा मंद चालते, एवढंच. चार वर्षं जागची हलली नाही, त्यामुळे इंजिनाला आळस आलाय. एका दुपारचं काम.

६ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी ४
चाचणी घेतली. न्यूट्रलला इंजिन झकास. गिअर टाकला की आरपीएम अठराशेवर येऊन बसतं, पुढे सरकतच नाही. पूर्वी अठ्ठावीसशे सहज जायचं. मागून काळा धूर. एक बदक थोडा वेळ बरोबरीनं आलं, मग कंटाळून पुढे निघून गेलं.

मिस्त्रीला बोलावलं. धक्क्यावरच्या सगळ्या बोटी तोच बघतो. पठ्ठ्यानं इंजिनावरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. उभ्या उभ्या म्हणाला, साहेब, बोट वर ओढून घ्या, आधी खालून बघू. मी त्याला समजावलं की इंजिन आत असतं. तो हसला आणि चहाला गेला. हल्ली कोणाला कष्ट नकोत.

निर्णय: सगळं स्वतः करायचं. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

७ फेब्रुवारी
आठला उठलो. पाठ धरली आहे.

११ फेब्रुवारी, रविवार
डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. अठराशे.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. सांगताना जीव नकोसा झाला. म्हटलं, आज नाही जमत बाबा, पुढच्या रविवारी नक्की. ही म्हणाली, मग मी यांना जरा फिरवून आणते. मी धक्क्यावर गेलो. दहा वाजून दहा मिनिटांनी फेरी शेजारून गेली, तिच्या लाटेनं बोट हलली आणि बारा नंबरचा पाना इंजिनाखाली पडला. फेरीवाल्यांना अक्कल नाही.

दोघं संध्याकाळी सहाला परतली. बाबांनी भूक नाही म्हटलं आणि झोपले. पोरानं तोंडघशी पाडलं, दुसरं काय. मला फार लागलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
इंजेक्टर काढून साफ केले. परत बसवल्यावर एक वॉशर उरला. बहुतेक जास्तीचा असावा.

ही म्हणाली, थोडं ऐकता का, बाबांबद्दल सांगायचंय. म्हटलं, आधी इंजेक्टर. आतून बाबांनी तिला हाक मारली, विषय तिथेच राहिला. बरं झालं. मला एकाग्रता लागते.

१८ फेब्रुवारी, रविवार
अठराशे. पुन्हा फेरी, पुन्हा पाना. या वेळी चौदा नंबर.

बाबा फिरून आले ते गालातल्या गालात हसत. आल्या आल्या विचारलं, कुठवर आलं रे तुझं? म्हटलं, होत आलंय. पाठीवर हात ठेवून म्हणाले, घाई करू नकोस. माझ्यावर केवढा विश्वास आहे त्यांचा. डोळ्यांत पाणी आलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
डिझेल पंप बदलला. टाकी धुतली. एअर फिल्टर बदलला. अठराशे, आणि कधी कधी साडेसतराशे. मिस्त्री बाजूनं जाता जाता म्हणाला, खालून बघितलं का? मी ऐकलं नाही असं केलं.

३ मार्च, रविवार, संध्याकाळी ७
बाबा म्हणाले, तुझ्या आत्याचा डावा डोळा गेला. एवढंच बोलले. कुठून कळलं ते विचारायचं मला सुचलं नाही.

परत बोटीवर गेलो. झाकण उघडलं, पण हातच चालेना. अकरा वर्षांनी बहीण ये म्हणाली आणि माझ्यापायी म्हातारा अजून इकडेच बसलाय. इंजिनावर डोकं टेकून रडलो. हिला सांगितलं, डिझेल डोळ्यात गेलं.

निर्णय: इंजिनच बदलायचं. हे आधीच करायला हवं होतं.

१३ मार्च, बुधवार
क्रेननं जुनं इंजिन उचललं. वजन उतरल्यावर बोट वीतभर वर आली, तर कडेला शेवाळाची हिरवी दाढी दिसली. मिस्त्री म्हणाला, क्रेन आलीच आहे साहेब, बोटच उचलून घेऊ, अर्ध्या तासाचं काम. त्याला सांगितलं, एका वेळी एकच काम, ही माझी शिस्त आहे. तो चहाला गेला.

२२ मार्च, शुक्रवार
नवं इंजिन बसलं. न्यूट्रलला असा आवाज की ऐकत राहावं. गिअर टाकून बघितला नाही. नव्या इंजिनावर अविश्वास दाखवणं बरं नव्हे.

२४ मार्च, रविवार, दुपारी १
बाबांना काही बोललो नाही. आधी एकटाच पलीकडे जाणार, आत्याला बोटीत बसवणार आणि थेट बाबांसमोर आणून उभी करणार. सकाळी बाहेर पडताना ही म्हणाली, संध्याकाळी वेळेवर घरी या, पाहुणे येणार आहेत. मनात म्हटलं, पाहुणे मीच आणणार आहे, तुला कल्पना नाही.

२४ मार्च, संध्याकाळी ७
तीनला निघालो. अठराशे.

खाडीच्या मधोमध तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि इंजिन बंद पडलं. तासभर वाहत होतो. मग परतीची फेरी दिसली. तिनं वेग कमी केला, तिच्यावरच्या खलाशानं दोर फेकला. वर कठड्याशी ही उभी, बाबा उभे आणि दोघांच्या मधे आत्या. खलाशी बाबांना म्हणाला, आजोबा, हेच का तुमचे चिरंजीव? मग मला म्हणाला, खालून कधी साफ केली होती?

धक्क्यावर सगळं कळलं. सात रविवार. पहिल्या रविवारपासून बाबा आणि ही दहाच्या फेरीनं जातात, आत्याकडे जेवतात, संध्याकाळी परत येतात. हिनं मला तीनदा सांगायचा प्रयत्न केला. बाबांनीच अडवलं. म्हणाले, त्याला वाटू दे मी त्याच्यासाठी थांबलोय. माझ्यासाठी एवढा राबतोय.

आत्याचा उजवा डोळाही गेल्या मंगळवारी गेला. आता ती काही दिवस आमच्याकडे राहायला आली आहे. तिनं माझा चेहरा चाचपला, हाताला काजळी लागली. म्हणाली, वाळलास रे. मग म्हणाली, दादाला पोटभर बघून घेतलं मी, सहा रविवार.

बाबा माझ्यासाठी थांबले असते तर. यापुढे लिहवत नाही.

२६ मार्च, मंगळवार
बोट वर ओढली. खाली चार बोटं जाडीचे शिंपले, बोट ढकलणाऱ्या पंख्याचाही गोळा झालेला. जुन्या इंजिनात काही दोष नव्हता, असं मिस्त्रीचं मत. त्याच्या मताचा मी आदर करतो. या वेळी चहाला मीही गेलो.

३१ मार्च, रविवार
आत्याला परत सोडायला चौघं फेरीनं गेलो. पाणी शांत. आत्या मधल्या बाकावर, एका हातात बाबांचा हात, दुसऱ्या हातात माझा. बाबा तिला सांगत होते, आता किनाऱ्यावर काय दिसतंय, कोणती बोट जातेय. अर्ध्या वाटेत फेरीचं इंजिन मला जरा जड वाटलं. चालवणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्यात म्हणून हात सोडवून उठलो. बाबा म्हणाले, बस खाली. बसलो.