तुमचा लाकडी मजला उतरवताना

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, पण पत्र लिहावं असं कधी सुचलं नव्हतं. आज लिहितेय ती रागाने. सकाळी जयनगरच्या आपल्या जुन्या घरी गेले होते, घर पाडणाऱ्या कंत्राटदाराला दाखवायला. आल्यापासून तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतंय आणि समोर कोणी नाही.

हो, घर बिल्डरला दिलं. आईला जिना चढवत नाही, आणि सर्जापूर रोडच्या माझ्या घरून रोजचं येणं-जाणं जमत नाही, म्हणून ती आता माझ्याकडेच असते. खालचा विटांचा मजला पडेल, त्याचं काही नाही. अडलंय ते तुमच्या वरच्या लाकडी मजल्यापाशी.

कोणी सांगितलं होतं हो तुम्हाला? अख्खी गल्ली स्लॅब टाकत होती, आणि लाकडाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले तुम्ही गच्चीवर जाड फळ्यांच्या भिंती उभ्या करत होतात. शेजारच्या अक्का एवढंच म्हणाल्या, "अण्णा, किती झाडं तोडली हो?" झालं. त्या बिचाऱ्या दूध आणायला निघाल्या होत्या. त्यांना फाटकाशी उभं करून तुम्ही सगळं समजावलंत. हा कूर्गच्या कॉफीच्या मळ्यातला सिल्व्हर ओक, एक तोडला की तिथे दुसरा लावतात. झाड हवेतला कार्बन घेऊन वाढतं, आणि लाकूड भिंतीत आहे तोवर तो तिथेच राहतो. सिमेंट तर भट्टीतून येतानाच केवढा धूर सोडून येतं! "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणत अक्का सुटल्या. आम्ही कुठे जाणार होतो?

"लाकूड कुजलं किंवा जाळलं, की सगळं परत हवेत." हे तर मी जेवतानाही ऐकलंय.

भिंतीला ऑइलपेंट नको, तिला श्वास घेऊ दे. एसी नको, लाकूड ऊन अडवतं. अडवायचं, कबूल आहे. पण एप्रिलमध्ये बनियनवर बसून तुम्ही "छान गार आहे" म्हणायचात, ते काही खरं नव्हतं. खिळे नकोत, गोंद नको, फक्त पितळी स्क्रू, कारण उद्या खोलता आलं पाहिजे. कोण खोलणार होतं, बाबा? तुम्ही?

आणि जातानाही तेच. "माझ्यासाठी लाकूड जाळायचं नाही, विद्युतदाहिनीत न्या." नागपूरहून आलेले काका चंदनाचा तुकडा घेऊन उभे, गुरुजी नाराज, आणि मी एकटी सगळ्यांशी हुज्जत घालतेय. त्या गडबडीत माझं रडायचंच राहून गेलं. त्याचा राग अजून आहे.

आज कंत्राटदाराने वर जाऊन भिंत ठोकून पाहिली. त्याला पितळ आवडलं. "स्क्रू मी काढून घेतो, मॅडम. लाकूड जळणाला जाईल. बेकरीवाले घेतात, स्मशानातपण घेतात."

"स्मशानात?"

"सुकं आहे ना. मस्त पेटेल."

मी म्हटलं, थांबा. का थांबा, ते सांगायला गेले आणि तुमचं अख्खं व्याख्यान माझ्या तोंडून बाहेर पडलं, कूर्गपासून. तो घड्याळ बघत "सरी मॅडम, सरी," म्हणत होता.

घरी येऊन आईला सांगितलं. अवरेच्या, म्हणजे इथल्या पावट्याच्या, शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "मग आण की इकडे. माझ्या खोलीची ही भिंत दुपारी तव्यासारखी तापते. लाव तिच्यावर फळ्या." इतकी वर्षं तुमच्या मजल्याला 'पेटी' म्हणत आलेली बाई ही!

तर ऐका. पुढच्या आठवड्यात सुताराला घेऊन जाणार आणि एकेक स्क्रू खोलवून घेणार. एक भिंत आईच्या खोलीत येईल. बाकीच्या फळ्यांतून माझी एक मैत्रीण तिच्या शाळेत वाचनाची खोली बांधणार आहे. ऑइलपेंट देऊ देणार नाही. आईच्या खोलीतला एसी मात्र काढणार नाही, त्यावर वाद नको.

तुम्हाला लाकडावाचून पोचवलं, बाबा. तुमचं लाकूडही आगीत जाऊ देणार नाही.

तुमची, अजून रागावलेली,
चिनू