माझा बॅकअप राहिला

२ जानेवारी २००७
लोहाऱ्याला पोचलो. जिनिंगचा चौकीदार हरिसिंग फाटकातच म्हणाला, कापूस येऊन नाही राह्यला साहेब, अन् काँप्युटर नवा करून काय त्याले सरकी चारता? पोट धरून हसलो. काम सोपं आहे. सोमवारी नवं सॉफ्टवेअर टाकायचं. त्याआधी जुन्या मशीनवरचे ईमेल अन् सेटिंग उतरवून ठेवायचं. मशीन धम्मरत्न कारकुनाचं, दिवाळीत वारला. डावखुरा होता म्हणे. माऊसची बटणं उलटी, स्क्रीनवरची अक्षरं ही एवढाली.

३ जानेवारी
रेडिओ दुरुस्त करत वर आलेला माणूस मी. डिस्कची तब्येत आवाजावरून सांगतो. ही ठणठणीत. सगळं सीडीवर घेतलं. परत टाकून पाहिल्याशिवाय मी त्याला बॅकअप म्हणत नाही, म्हणून माझ्याच लॅपटॉपवर टाकून पाहिलं. नीट बसलं. पण घाईत माझं स्वतःचं आधी उतरवायचं राहिलं; माझे मेल, माझं सेटिंग, सगळं पुसलं गेलं. जाऊ द्या. मला कोण लिहितं? जाहिराती तेवढ्या.

४ जानेवारी
उलट्या बटणांची अडचण होत नाही. नवल आहे. धम्मरत्नची बायको कौसल्याबाई ऑफिसात जेवणाचे डबे देते. तिनं विचारलं, डाव्या हातानं काहून जेवून राह्यले? पाहतो तर खरंच, डावा हात वरणात. आमचे हे बी असेच जेवत, म्हणाली. हसली नाही.

५ जानेवारी
बारीक अक्षर दिसेना. हरिसिंगनं मागून हाक दिली, धम्मरत्नभाऊ! मी ओ दिली. तो म्हणे, चाल पाहून फसलो. पण मी ओ का दिली?
वाटलं, कोणीतरी मला माझ्या नावानं हाक मारावी. मोबाईलमधले तीन नंबर लावले. तिघांनीही तेच विचारलं, कोण बोलून राह्यलं?

६ जानेवारी
आधीची पानं उजव्या हाताची. हे डाव्याचं. मी उजव्या हातानं लिहायचो हे सांगणारं इथं — कुठंच — कोणी नाही.

७ जानेवारी
तो सीडीवर आहे. मी कुठंच नाही.
दुपारी कौसल्याबाई समोर बसली. म्हणाली, तुमच्या मायचं नाव सांगा. लगेच सांगितलं. तिनं तोंडात पदर कोंबला. ते तिच्या सासूचं नाव.
माझ्या आईचं वेगळं होतं. सोपं होतं. माझ्या आईचं नाव —
माझ्या आईचं —