चार कोंबड्यांचं एक ताट

ओम्बाती,

आईला नैरोबीच्या हॉटेलात चिकन-चिप्स खाऊ घातलंस, तेही मोबाईलच्या अ‍ॅपवरून आठवड्याच्या मुदतीचं कर्ज काढून. ते फेडलं नाहीस, तेव्हा त्या कर्जवाल्यांनी तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना फोन लावले. आईला विचारलं, "लेकाने उधारीवर खाऊ घातलेलं पचलं का, म्हातारे?"

तिने अंडी देणाऱ्या चार कोंबड्या विकून तुझं कर्ज फेडलं. एका ताटापायी चार कोंबड्या. लाज कशी वाटत नाही तुला?

आणि ती अजून चर्चमध्ये सांगत फिरते, लेकाने हॉटेलात जेवू घातलं म्हणून. मी हे लिहायला बसले, तर म्हणाली, "त्याला कळवू नकोस गं. पुन्हा न्यायचा नाही मला."

सांग, आता हे पत्र टाकू कसं?

तुझी थोरली बहीण,
मोरा