'गठ्ठा' एक की अनेक, याचा लेखी खुलासा मिळणेबाबत

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी,
विभागीय परीक्षा कक्ष, दुसरा मजला,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : इंग्रजी पेपरातील प्रश्न ७ व ११ चे दोन गुण मिळणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. २६.

महोदय,

सादर करण्यात येते की, अर्जदार ही रुग्णालयाच्या धुलाई विभागात चौदा वर्षे सहायक असून, मुख्य सहायक निवृत्त झाल्यापासून त्यांचे कामही तीच पाहते. त्या पदावर कायम होण्यासाठी इंग्रजीत चाळीस गुण लागतात. तिला अडतीस मिळाले. ही तिसरी व नियमाप्रमाणे शेवटची संधी होती.

२. प्रश्न सातमध्ये चादरींचा एक गठ्ठा हरवल्याचे वाक्य पूर्ण करायचे होते. अर्जदाराने 'बंडल'साठी 'इज' लिहिले. समूहवाचक नाम एक धरायचे, असे पुस्तकात आहे. शिवाय वीस चादरींचा गठ्ठा हरवला तर खुलासाही एकच द्यावा लागतो, वीस नव्हे. तपासनिसांनी ते खोडून 'आर' केले.

३. प्रश्न अकरात 'मदर-इन-लॉ' या संयुक्त नामाचे अनेकवचन विचारले होते. अर्जदाराच्या नववीतल्या मुलीने हा धडा तिच्याकडून महिनाभर घोकून घेतला होता. "आई, सासवा दोन झाल्या तरी कायदा एकच. एस सासूला लाव," असे तिने बजावले होते. शेजारी भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी, ही दुसरी सासू कुठून आली, अशी चौकशी केली; त्यांचीही समजूत घालण्यात आली. एवढे पक्के केलेले उत्तर चूक ठरले. एस कायद्याला लावावा, असा लाल शेरा आहे.

४. अर्जदार पुस्तक घेऊन फेरतपासणी समितीपुढे गेली. एका सदस्यांनी तिचे उत्तर बरोबर म्हटले, दुसऱ्यांनी चूक. तिसरे म्हणाले, छापील उत्तरसूचीपुढे कोणाचे चालत नाही. मग आलेल्या नकारपत्रात वरच्या ओळीत 'कमिटी हॅज' आहे आणि खालच्या ओळीत 'कमिटी हॅव'. याबाबत तीन हेलपाटे घातल्यावर लिपिकांनी सांगितले की, सही साहेबांची, व्याकरण टंकलेखकाचे. आणि टंकलेखक रजेवर आहेत.

५. पदाचा हक्क अर्जदार सोडत नाही. परंतु मुलीचा वार्षिक परीक्षेचा इंग्रजीचा पेपर येत्या सोमवारी असून त्यात हाच धडा आहे. आज सकाळी दप्तर भरताना तिने विचारले, "आई, बरोबर आहे ते लिहू, की मार्क मिळतात ते?" अर्जदार डबा न घेताच कामावर आली.

तरी दोन गुण द्यावेत. ते जमत नसल्यास खरे उत्तर कोणते, एवढे तरी कोणा एकाच्या सहीने शनिवारपर्यंत कळवावे. मुलीला काहीतरी सांगावे लागेल.

अजूनही नम्र असलेली,
(सही)
सहायक, धुलाई विभाग
दि. ९

सोबत :
१) उत्तरपत्रिकेची नक्कल
२) नकारपत्राची नक्कल, दोन्ही ओळी अधोरेखित
३) मुलीचे व्याकरणाचे पुस्तक (कृपया परत मिळावे)